राणीचं ओलं अंथरूण

राणी ही कराडच्या आमच्या मामांनी पाळलेली पांढरी ससा-मादी. नातीच्या हट्टापायी घरात आली, नात शिकायला बाहेरगावी गेली आणि राणी मामांची झाली. आता तिला सात वर्षं पूर्ण झाली आहेत. पाळीव ससा नीट सांभाळला तर आठ ते बारा वर्षं जगतो, म्हणजे ती उतरणीला लागली हे खरंच. गेले काही आठवडे ती ठरलेला ट्रे सोडून भलतीकडेच लघवी करते, मागच्या मांड्यांवरचे केस ओलसर आणि पिवळट राहतात, खोलीला उग्र वास येतो. मामा म्हणतात, वय झालं. माझी धाकटी बहीण पुण्यात पशुवैद्यक आहे. ती म्हणते, नुसत्या वयानं कुणाचं अंथरूण ओलं होत नाही, त्यामागे काहीतरी दुखणं असतं.

दोघांचं बोलणं मी इथे देतो आहे, कारण मामांसारखं मानणारी माणसं घरोघर आहेत आणि ती निष्काळजी नाहीत. मामा रोज पहाटे राणीसाठी मळ्यातून हिरवा चारा आणतात. प्रेम असूनही दुखणं नजरेतून निसटतं, आणि सशाच्या बाबतीत ते फार सहज निसटतं.

मामा : तू उगीच घाबरवू नकोस. वय झालं की रात्रीतून चारदा उठावं लागतं. माझंच बघ की. जनावराचं काय वेगळं असणार?

भाची : तुम्ही चारदा उठायला लागलात तेव्हा सोनोग्राफी केली ना तुमची? प्रोस्टेट वाढलंय हे कळलं, गोळी सुरू झाली, आता झोप लागते. तेव्हा ‘वय झालं’ म्हणून कुणी गप्प बसलं का?

मामा : मला बोलता येतं. दुखलं की मी सांगतो.

भाची : आणि ती लपवते. ससा हा कोल्ह्या-घारींचं भक्ष्य. आजारी दिसणारा ससा रानात आधी मारला जातो, म्हणून दुखणं अंगावर काढायचं हे त्याच्या रक्तातच आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरात राहूनही ते गेलेलं नाही. सशाचं दुखणं आपल्याला दिसतं तेव्हा ते बरंच पुढे गेलेलं असतं.

मामा : मग तुला पुण्यात बसून कसं कळलं?

भाची : तुम्हीच सांगितलंत म्हणून. ट्रे सोडला, मांड्या ओल्या राहतात. आता मी विचारते, तुम्ही आठवून सांगा. पाठ वर काढून, डोळे अर्धे मिटून एका जागी बसते का? लघवीला बसल्यावर शेपूट वर करून जोर करते का? दात वाजवते का?

मामा : दात तर वाजवते. मी कपाळावरून हात फिरवला की वाजवते.

भाची : ते हलकं असतं, हाताला नुसतं जाणवतं. ते समाधानाचं. कोपऱ्यात एकटी बसून, आपल्याला खोलीत ऐकू येईल असं कराकरा वाजवते का?

मामांनी यावर लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, पहाटे एकदोनदा ऐकलंय, मला वाटलं गवत चावते आहे.

भाची : आणि पाणी? भांडं पूर्वीपेक्षा जास्त वेळा भरावं लागतं का?

मामा : नाही. तेवढंच. पण ती सारखी बसते. इथे जरा, तिथे जरा. फरशीवर छोटे छोटे डाग.

भाची : हे महत्त्वाचं सांगितलंत. पाणी खूप आणि लघवीही खूप झाली असती तर मी आधी मूत्रपिंडाकडे बोट दाखवलं असतं. सशाला किलोमागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिली पाणी लागतं. राणी दोन किलोची, म्हणजे १०० ते ३०० मिली. हिरवा चारा भरपूर असेल तर त्याहून कमीच. रोज सकाळी मोजून पाणी भरायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजायचं. याच्या वर सतत जात असेल आणि वजन घटत असेल, तर मूत्रपिंडं थकली आहेत असा संशय घ्यायचा. वारंवार बसणं आणि थोडीथोडी लघवी, हे मात्र बहुतेक वेळा मूत्राशयाचं गाऱ्हाणं असतं. आणि जोर करूनही एक थेंब येत नसेल, तर सकाळ होईपर्यंतही थांबायचं नाही.

मामा : वजन घटत असेल म्हणतेस, पण ती तशीच गुबगुबीत दिसते.

भाची : केसांमुळे. पाठीच्या कण्यावरून हात फिरवून बघा, मणके टोचतात का. आणि दर रविवारी वजन करा, दुकानातल्या काट्यावर टोपलीत बसवून. दोन किलोच्या जिवाचे दोनशे ग्रॅम गेले तर डोळ्याला काही दिसत नाही, पण तो दहावा हिस्सा गेला.

मामा : परवा लघवी लालसर होती. मी चरकलो. पण तूच मागे म्हणाली होतीस की सशाची लघवी लाल असू शकते, म्हणून गप्प राहिलो.

भाची : असू शकते. फिकट पिवळी, नारिंगी, विटकरी, सगळे रंग निरोगी सशात दिसतात. चाऱ्यातली आणि शरीरातली रंगद्रव्यं उतरतात त्यात. तसं असेल तर सगळी लघवी एकसारखी रंगलेली असते. रक्त असेल तर रेघ दिसते, गाठ दिसते, नाहीतर शेवटचे थेंबच तेवढे लाल असतात. पण नुसत्या डोळ्यावर भिस्त ठेवू नका. लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात. पट्टी बुडवली की रक्त आहे की नुसता रंग, हे मिनिटाभरात कळतं. राणीच्या बाबतीत हे जास्तच गरजेचं आहे, कारण तिची पिशवी काढलेली नाही.

मामा : पिशवीचा इथे काय संबंध?

भाची : सशाच्या मादीला पाळी येत नाही, मामा. त्यामुळे रक्त दिसलं की ते दुखण्याचंच. आणि चार वर्षांपुढच्या माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग फार होतो, काही जातींमध्ये तर निम्म्याहून जास्त माद्यांना. लघवीबरोबर रक्त येतं म्हणून आपण मूत्राशयावर औषध करत बसतो आणि रक्त येत असतं पिशवीतून. सोनोग्राफीत दोन्ही वेगवेगळं दिसतं.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण सशाची लघवी समजून घ्यायची तर त्याच्या शरीरात कॅल्शियमचं काय होतं ते आधी समजून घ्यावं लागतं. आपलं शरीर जेवणातलं कॅल्शियम गरजेपुरतं घेतं आणि बाकीचं शौचावाटे सोडून देतं. लघवीतून जातं ते बहुतेक सस्तन प्राण्यांत दोन टक्क्यांहूनही कमी. ससा निराळा. त्याचं आतडं मिळेल तेवढं कॅल्शियम आत ओढतं, त्यासाठी ड जीवनसत्त्वावर फारसं अवलंबूनही राहत नाही, आणि जास्तीचं सगळं बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांवर येतं. अभ्यासांत हे प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. सशाचे दात जन्मभर वाढतात, त्यांना कॅल्शियम सतत लागतं. त्याच्या शरीराची ही रीत बहुधा त्यातूनच आली असावी. लघवी मुळात अल्कधर्मी, तिचा सामू साधारण आठ ते नऊ. अशा लघवीत कॅल्शियम कार्बोनेटचे कण विरघळून राहत नाहीत, म्हणून निरोगी सशाची लघवीसुद्धा गढूळ असते आणि फरशीवर वाळली की पांढरी भुकटी उरते.

तरुण ससा पळतो, उड्या मारतो, पाणी पितो, मूत्राशय ढवळून निघतं आणि कण वाहून जातात. म्हातारा ससा बसून राहतो. सांधे धरलेले, कधी वजनही वाढलेलं. कण तळाशी बसतात, दाट होतात, आणि शेवटी लघवीऐवजी टूथपेस्टसारखा लगदा बाहेर येतो किंवा खडा धरतो. मला सगळ्यांत चकित करणारी गोष्ट पुढेच आहे. गाळ तळाशी बसलेला असताना वरची लघवी अगदी नितळ येऊ शकते. जन्मभर गढूळ लघवी करणारा ससा म्हातारपणी एकाएकी स्वच्छ लघवी करायला लागला, तर ती बरं वाटल्याची खूण समजू नये. मामांनी हे ऐकलं तेव्हा ते म्हणाले, ‘मला तर वाटलं होतं चारा बदलल्याचा गुण आला.’

भाची : कुठला चारा बदललात?

मामा : लसूणघास. कोवळा, हिरवागार. आणि शेवग्याचा पाला. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात, शेवग्यात कॅल्शियम भरपूर, म्हणून मुद्दाम देतो.

भाची : तुमच्या गुडघ्यांसाठी शेवगा उत्तम आहे. राणीसाठी नाही. लसूणघास, शेवगा, राजगिरा, कढीपत्ता, हे सगळे कॅल्शियमनं भरलेले. गाभण मादीला किंवा वाढत्या पिल्लाला लसूणघास ठीक. म्हाताऱ्या सशाला मुख्य खाणं हवं ते साध्या गवताचं. तुमच्याकडे हरळी आहे, मारवेल आहे. तेच वाळवून दिवसभर पुढ्यात ठेवा. तयार गोळीखाद्य मूठभर, त्याहून जास्त नको. चाटायची क्षारवीट पिंजऱ्याला टांगली असेल तर काढून टाका.

मामा : म्हणजे हिरवं बंदच?

भाची : नाही, नाही! ही दुसरी चूक लोक करतात. घाबरून सगळा पाला बंद करतात आणि पोटात जाणारं पाणीच तोडतात. कोथिंबीर, मुळ्याचा पाला आलटून पालटून द्या, धुऊन निथळू न देता, ओलाच द्या. कॅल्शियम अगदी शून्यावर आणलंत तर दात आणि हाडं बिघडतील. आणि ती नळीची बाटली काढून जड वाडगं ठेवा. सशाला मान खाली घालून वाडग्यातून प्यायला सोपं जातं, तो जास्त पितो.

मामा : कुळथाचं कढण दिलं तर? आमच्या वडिलांचा मुतखडा त्यावर पडला.

भाची : आजोबांचा खडा लहान होता आणि तो वाहून गेला. सशाचा खडा कॅल्शियम कार्बोनेटचा. तो कुठल्या काढ्यानं किंवा गोळीनं विरघळत नाही, तो काढावाच लागतो. कुळीथ हे कडधान्य आहे, त्यानं सशाचं पोट बिघडेल ते वेगळंच. आणि मामा, केमिस्टकडून ते गुलाबी सरबत आणलं नाहीत ना, लघवीच्या जळजळीचं?

मामा : आणून ठेवलंय. दिलं नाही अजून.

भाची : देऊ नका. त्यानं लघवी अल्कधर्मी होते, आणि राणीची ती आधीच आहे. घरात उरलेलं अँटिबायोटिकही नको. अमॉक्सिसिलिन आपण लहान मुलांना सहज देतो, पण सशाला तोंडानं दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक वाढतात आणि ससा दगावतो. सशाला चालणारी औषधं वेगळी आहेत. मला निदान फोन तरी करा.

मामा गप्प झाले, पण त्यांना ते पटलं होतं असं मला दिसलं नाही. घरगुती उपाय करून बघणं हा त्यांच्या लेखी कंजूषपणा नाही, ती त्यांची माया आहे. बहिणीनं मग मांड्यांच्या ओलीचा विषय काढला, आणि तिथे मामांचं ज्ञान तिच्यापेक्षा जुनं निघालं.

मामा : ओल राहिली की कातडी सोलते, हे मला नको सांगूस. आमच्या खिलाऱ्या बैलाच्या खांद्याला जखम झाली होती. दोन दिवस लक्ष गेलं नाही आणि आत किडे पडले.

भाची : सशाला दोन दिवसही लागत नाहीत. ओल्या, घाणेरड्या केसांवर माशी अंडी घालते, एका दिवसात अळ्या बाहेर येतात आणि जिवंत मांस खायला लागतात. पावसाळ्यात तर फारच. सकाळ-संध्याकाळ तिला उलटं न करता, पाठीमागून केस बाजूला करून बघायचं. अळी दिसली की त्याच तासाला डॉक्टर.

मामा : मी तिला गरम पाण्यानं आंघोळ घालायचा विचार करत होतो.

भाची : पूर्ण आंघोळीनं ससा धसक्यानं जाऊ शकतो. कोमट पाण्यात कापूस बुडवून तेवढीच जागा पुसा, मग कोरड्या कापडानं टिपून पूर्ण वाळवा. कात्री लावू नका, सशाची कातडी कागदासारखी फाटते. खाली वर्तमानपत्रावर जाड टॉवेल, वर गवत, आणि ते दिवसातून दोनदा बदलायचं. ट्रेचा काठ उंच आहे का?

मामा : आहे. चांगला वीतभर.

भाची : मग तिला चढवतच नसेल! म्हाताऱ्या सशाच्या कण्याला आणि खुब्याला संधिवात होतो. लघवी करताना मागचा भाग उचलून धरावा लागतो, तो उचलला जात नाही आणि लघवी मांड्यांवरून ओघळते. कधीकधी मूत्राशय ठणठणीत असतं आणि सगळा दोष सांध्यांचा असतो. ट्रेची एक बाजू कापून सपाट करा. दुखणं कमी करायचं औषध मी लिहून देईन, पण आधी रक्ततपासणीत मूत्रपिंडं कशी आहेत ते बघून. एक आजार तर असा आहे की तो मूत्रपिंडं आणि मागचे पाय दोन्ही पकडतो. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा सूक्ष्म परजीवी १९२२ साली सशांतच पहिल्यांदा सापडला. तो लघवीतून पसरतो. मान वाकडी होते, मागचे पाय लुळे पडतात, लघवी आपोआप गळते. त्याला २८ दिवस फेनबेंडाझोल देतात. आणि ट्रे साफ केला की हात साबणानं धुवा, घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर विशेष.

मामा : तू एवढे आजार सांगितलेस की माझं डोकं फिरलं. आता माझं ऐक. हे सगळं शोधायला तिला पुण्याला आणायचं. एकशेसाठ किलोमीटर, तीन-साडेतीन तास, ट्रकचे हॉर्न, तुझ्या दवाखान्यात भुंकणारी कुत्री. सात वर्षं जिनं अंगण सोडलं नाही, ती भीतीनंच मरेल. मग तू काय शोधलंस? म्हाताऱ्या जिवाला त्याच्या जागेवर, ओळखीच्या माणसांत राहू द्यावं. मी तिला आनंदात ठेवतो. मरण कुणाला चुकलंय?

मामांचा हा मुद्दा मला खरा वाटतो. ससा भीतीनं खरोखर आजारी पडतो. घाबरला की खाणं सोडतो, खाणं सुटलं की आतडं थांबतं, आणि बारा तास काही न खाल्लेला ससा हा आपत्कालीन रुग्ण असतो. दवाखान्यात नेण्याची किंमत सशाला मोजावी लागते, आणि ती कुत्र्याच्या किमतीहून मोठी आहे. सशाला तपासायला शिकलेले डॉक्टर मोठ्या शहरांबाहेर विरळाच, त्यामुळे ही किंमत कराड-सांगलीच्या सशाला पुण्या-मुंबईच्या सशापेक्षा जास्त पडते. बहिणीनंही ते नाकारलं नाही.

भाची : भीतीचं तुम्ही बरोबर बोललात. म्हणून मी पुण्याला आणा असं म्हटलेलंच नाही. कराडात कुत्र्यांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे एक्स-रे आहे. कॅल्शियमचा खडा आणि गाळ एक्स-रेत पांढरा स्वच्छ दिसतो, त्यासाठी सशाचा तज्ज्ञ लागत नाही. मी त्यांच्याशी फोनवर बोलते. पहाटेची वेळ घ्या, कुत्री यायच्या आत. बंद टोपलीत तिचाच टॉवेल, तिचंच गवत, वर कापड. आणि तिला उपाशी नेऊ नका. कुणी सांगितलं तरी नाही. ससा ओकत नाही, त्याला उपाशी ठेवायची गरजच नसते.

मामा : आणि खडा निघाला तर? सात वर्षांच्या जिवाचं पोट फाडणार?

भाची : नुसता गाळ असेल तर भूल देऊन मूत्राशय धुता येतं, सलाईन देता येतं. खडा मोठा असेल तर शस्त्रक्रिया, आणि या वयात भुलीचा धोका आहे, तो मी लपवणार नाही. मूत्रपिंडं गेलेली असतील तर मीच म्हणेन, नको. मग दुखणं कमी ठेवायचं, कातडीखाली सलाईन घरीच द्यायचं, ते मी तुम्हाला शिकवीन. पण मामा, आत काय आहे ते न बघता ‘आनंदात आहे’ म्हणणं मला जमत नाही. पहाटे कराकरा दात वाजवणारा ससा आनंदात नसतो.

मामा : आणि काहीच जमलं नाही तर तू सुई देऊन झोपव म्हणशील.

भाची : खाणं सुटलं, स्वतःहून वळता येईना, औषधानंही दुखणं थांबेना, तर म्हणेन.

मामा : ते माझ्या घरात होणार नाही. मी माझ्या हातानं जीव घेणार नाही.

भाची : आणि मी तिला दुखत ठेवायला सांगणार नाही.

इथे दोघंही अडले, आणि ते अजून अडलेलेच आहेत. या एका प्रश्नावर मी कुणाची बाजू घेऊ शकत नाही. एक्स-रे काढायचा की नाही यावर मात्र मी पूर्णपणे बहिणीच्या बाजूचा आहे. कसं मरू द्यायचं हा वाद, काय झालंय हे कळल्यावरच करता येतो. खड्याचा ठणका सोसणाऱ्या सशाला आपण त्याच्या जागेवर शांत ठेवलंय असं समजणं, यात त्या सशाचा विचार नाही.

मामा : एक्स-रेपर्यंत येतो मी. त्याच्या पुढचं नंतर.

भाची : नंतर भांडू. पण त्याआधी लघवीचा नमुना हवा. ट्रे साबणानं धुऊन, पूर्ण वाळवून, आत काही न घालता ठेवा. पहिली लघवी झाली की सुई नसलेल्या सिरिंजनं ओढून स्वच्छ बाटलीत भरा. फरशीवरची नको. तासाभरात लॅबमध्ये पोचली पाहिजे.

मामा : आणि ती रिकाम्या ट्रेत बसलीच नाही तर?

भाची : एका कोपऱ्यात तिच्या ओळखीचं मूठभर गवत टाका, वासानं येईल. काठ तेवढा आधी कापा.

मामा : करवत आहे माळ्यावर. आजच कापतो.